पाचव्या खाटेचा ओव्हर

अच्युतकाकांना गोष्ट सांगायला लावणं सोपं, थांबवणं अवघड. आयुष्यभर एक्स-रे काढून निवृत्त झालेला हा माणूस. ज्याने माणसाचं हाड न् हाड पाहिलंय तो भुताला कशाला घाबरेल, असं ते नेहमी म्हणतात. फक्त एका गोष्टीपुरतं हे म्हणणं ते मागे घेतात. त्या रात्री राऊच्या सोसायटीच्या गच्चीवर समीर, शलाका आणि आणखी दोघं-तिघं जमली होती. काकांनी चांगला चालू असलेला दिवा उठून मुद्दाम घालवला.

"मोबाइल उलटे ठेवा," ते म्हणाले. "आणि समीरभिया, मधे मधे 'सच्ची में?' विचारायचं नाही. सच्ची आहे म्हणूनच सांगतोय. जिच्यावर बेतलं ती इथेच राऊत, माझ्या आधीच्या सोसायटीत, बरोब्बर माझ्या डोक्यावर राहायची."

मग त्यांनी सांगितलं ते असं.

तिचं नाव शमिका मोघे. नर्स. विजय नगरकडच्या मुलांच्या एका दवाखान्यात नोकरी. दवाखान्याचं नाव सांगत नाही, तुम्ही उद्या शोधायला जाल. नवरा निखिल पीथमपूरला कारखान्यात, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. घरात सासूबाई, कुमुदिनीबाई. आणि पोरगी स्पृहा, तीन वर्षं पूर्ण झालेली, मूठभर जीव पण आवाज माझ्या घरापर्यंत यायचा.

अनंत चतुर्दशीचा दिवस होता. म्हणजे इंदुरात काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. अख्खं शहर रात्रभर झांक्या, ते रोषणाईचे चित्ररथ, बघायला रस्त्यावर. पण स्पृहाला दुपारपासून ताप होता आणि घरातलं औषध संपलेलं. तेव्हा संध्याकाळी शमिका पोरीला सासूबाईंजवळ ठेवून स्कूटीवरून कोपऱ्यावरच्या मेडिकलवर गेली.

आमच्या त्या सोसायटीच्या फाटकात गटारावर एक लोखंडी झाकण होतं. सैल. गाडी त्यावरून गेली की दोनदा वाजायचं, पुढच्या चाकाला खडाक, मागच्या चाकाला खडाक. तक्रार करून करून आमचे घसे बसले, पण ते बसवायला कुणी आलं नाही. शमिका त्यावरून गेली, त्यावरून परत आली. मेडिकलवाल्या शामने तिला सहज विचारलं, आज झांकी नाही का बघायची? ती नाही म्हणाली आणि औषध घेऊन निघाली.

वर कुमुदिनीबाई महेश्वरी साडी नेसून दारात घुटमळत होत्या. सोसायटीच्या बायकांची मिनीबस खाली उभी होती, पण नात तापलेली, पाय निघत नव्हता. शमिकाने त्यांना जायला लावलं. निखिल रातपाळीला होता, म्हणून त्यांनी दोनदा खात्री करून घेतली, तुला आज रात्रीची ड्यूटी नाही ना? शमिका म्हणाली, नाही. आजच्या रात्रीची ड्यूटी ती कुणी गळ्यावर सुरी ठेवली असती तरी घेणार नव्हती. का, ते ऐकायचं तर एक वर्ष मागे जावं लागेल.

त्याआधी दवाखान्यातली एक रीत सांगतो. पाळी बदलताना जाणारी सिस्टर येणारीला खाटेखाटेपाशी घेऊन जाते. हे पोर असं, त्याला हे औषध झालं, ते राहिलं. याला ओव्हर देणं म्हणतात. सगळं ऐकून, पोराकडे स्वतःच्या डोळ्यांनी बघून येणारी म्हणते, "घेतला." त्या एका शब्दापर्यंत पोर जाणारीच्या जिम्म्यात, त्या शब्दानंतर येणारीच्या. मधे दुसरं कुणी नाही. आणि ओव्हर फोनवर द्यायचा नाही, लेकरासमोर उभं राहून द्यायचा. शमिकाला हे शिकवलं इंदिरा सिस्टरने.

इंदिरा सिस्टर मल्हारगंजच्या. नवरा लवकर गेला, मुलगी अबोली रात्रपाळ्या करकरून वाढवली. शमिका बाळंतपणानंतर कामावर परत आली तेव्हा तिला सगळ्यात आधी पंखाखाली घेतलं ते यांनीच. शमिकाला पान्हा फुटून गणवेश ओला झाला की त्या तिच्या खाटा बघायच्या आणि तिला आतल्या खोलीत पाठवायच्या. तिकडे घरी सासूबाईंनी एकदाच, पण नेमकं बोलून ठेवलेलं, जगाच्या पोरांना बघते, आपल्या पोरीला बघायला हिला सवड नाही. शमिका ते इंदिरा सिस्टरपाशी रडली. त्या म्हणाल्या, "पोरी वाढतात गं. आपण नसलो तरी वाढतात. मनाला लागतं ते तेच."

आदल्या वर्षीची अनंत चतुर्दशी. शमिकाची दुपारपाळी संपत आलेली, रात्रीला इंदिरा सिस्टर यायच्या होत्या. झांक्यांमुळे राजवाड्याकडचे रस्ते बंद, त्यांना मरीमातेकडून लांबचा वळसा पडला. उशीर होत होता. इकडे घरून फोनवर फोन, स्पृहाचं अंग गरम लागतंय, आई आई करून घर डोक्यावर घेतलंय. शमिकाचा जीव टांगणीला लागला. तिने इंदिरा सिस्टरला फोन लावला.

त्यांनी उचलला. मागे वाऱ्याचा घोंगाट. "हाँ, बोल. हेल्मेटमध्ये आहे फोन."

म्हणजे त्या गाडी चालवत होत्या. शमिकाला कळलं होतं. नंतर तिने मनाला शंभरदा समजावून पाहिलं की आपल्याला कळलं नव्हतं, पण कळलं होतं. तरी ती म्हणाली, सिस्टर, ओव्हर फोनवर देऊ का, पोरीला बरं नाही.  त्या म्हणाल्या, दे, मी पोचतेच.

वॉर्डात खाटा पाच. तिने पहिलीचा दिला, दुसरीचा दिला. तिसरी, चौथी. पाचवीचं तोंडातून काढणार तेवढ्यात पलीकडे काहीतरी वाजलं आणि सगळं शांत झालं. तिला वाटलं, गर्दीने नेटवर्क गेलं. शिकाऊ मुलीला तिने सांगितलं, सिस्टर येतच आहेत, आणि ती घरी निघाली.

बाणगंगेजवळ उलट्या बाजूने आलेल्या लोडिंग गाडीने इंदिरा सिस्टरला उडवलं होतं. जागच्या जागी गेल्या. वॉर्डातल्या पोरांना काही झालं नाही, डॉक्टर होते, दुसरी सिस्टर धावली. आणि शमिका घरी पोचली तर स्पृहा शांत झोपलेली. ताप नव्हताच. दाढ येत होती.

पोलिसांना मिळालेल्या फोनचा चुरा झाला होता, त्यात कुणी डोकं घातलं नाही. पण तेराव्याला अबोलीने शमिकाला विचारलं. सतरा वर्षांची पोर, डोळे सुजलेले. "मावशी, फोन हेल्मेटमध्ये होता म्हणे. आई कुणाशी बोलत होती?"

शमिका म्हणाली, माहीत नाही.

त्यानंतर ती मल्हारगंजच्या त्या गल्लीत गेली नाही. इंदिरा सिस्टरची जागा पुढे तिलाच मिळाली, वॉर्डाची इन्चार्ज. बहुतेक दिवसपाळी, संध्याकाळी घरी, पोरीजवळ. जे ती देवाकडे मागत होती तेच. रोज सकाळी त्या खुर्चीत बसताना तिला लाज वाटायची, आणि संध्याकाळी पोरगी गळ्यात पडली की त्याहून जास्त. पण सांगायचं धाडस होत नव्हतं. सांगितलं तर नोकरी, अब्रू, घर, सगळंच हाताबाहेर जाईल असं वाटायचं.

तर आता परत त्या रात्रीकडे या.

मिनीबस गेली. बिल्डिंग रिकामी. मीही मुलाकडे महूला गेलो होतो, नाहीतर मला काही ऐकू आलं असतं की नाही कोण जाणे. दहा वाजून गेले होते. औषध देऊनही ताप एकशे तीन. शमिका पलंगाच्या कडेला बसून मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत होती. पट्टी म्हणजे स्पृहाच्या बारशातल्या जुन्या दुपट्याचा तुकडा, कडेला कुमुदिनीबाईंनी लाल दोऱ्याने टीप घातलेली. भिजवायची, पिळायची, कपाळावर ठेवायची.

फोन वाजला.

निखिल असेल म्हणून तिने न बघताच हात लांब केला. मग नाव दिसलं. इंदिरा सिस्टर. वर्षभरात तिला ते नाव काढून टाकता आलं नव्हतं.

तिच्या मनात आलं, नंबर अबोलीने घेतला असेल. तिने उचलला. अबोली, असं म्हणालीसुद्धा.

पलीकडे वाऱ्याचा घोंगाट. आणि खूप मागे ढोल.

"हाँ, बोल. हेल्मेटमध्ये आहे फोन."

 शमिकाला फोन ठेवायचा होता. बोटं ऐकेनात.

"चारपर्यंत झालं," आवाज म्हणाला. रागाचा नव्हता. रोजचाच होता, कामातला. "पाचवं राहिलं. मी पोचतेच."

ढोल मागे पडले. आता नुसता वारा. मग ट्रक. एकामागून एक, लांब भोंगे... महू रोडवरचे. शमिकाला ते भोंगे पाठ होते, ती रोज त्याच रस्त्याने यायची. गाडी दवाखान्याकडे जात नव्हती. राऊकडे येत होती.

"सिस्टर..." ती कशीबशी म्हणाली. "तुम्ही कुठे..."

 वारा कमी झाला. गाडीचा वेग कमी झाला.

खडाक.

फोनमध्ये वाजलं. आणि खिडकीतून, खालूनही वाजलं.

खडाक.

फोन बंद झाला.

ती उठली. दाराची कडी लावलेली होती. वरची, खालची, दोन्ही. तिने पोरीकडे पाहिलं. स्पृहा तापात कण्हत होती. जिन्यात चप्पल वाजत होती. घाईची चाल नाही. रात्रीच्या वॉर्डात सिस्टर चालतात तशी, कुणाची झोप मोडू नये अशी.

चप्पल दारापाशी आली.

दार वाजलं नाही... उघडलंही नाही.

शमिकाने मान वळवली तेव्हा त्या पलंगाच्या पलीकडे उभ्या होत्या. पांढरा गणवेश. डोक्यावर हेल्मेट, काच खाली. काचेवर धूळ. आत काही दिसत नव्हतं.



मग त्या खाली बघत म्हणाल्या, "पाचवीचा ओव्हर दे."

शमिकाला वाटलं, दिला की जातील. आदल्या वर्षीची पाचवी खाट तिला आठवत होती, वर्षभर रोज आठवत होती. ती बोलायला लागली. आवाज आपला नाही असं तिला वाटत होतं. पाचवर मुलगी. वय तीन वर्षं. ताप आहे. उतरत नाहीये. औषध झालं. पट्ट्या चालू...

आणि ती थांबली.

हे सगळं समोर होतं. हीच मुलगी. हाच ताप. हीच पट्टी.

"नाव?" त्यांनी विचारलं.

त्या वेळच्या मुलीचं नाव तिला आठवेना. जिभेवर एकच नाव येत होतं. ते उच्चारलं की ओव्हर पुरा. समोरून एक शब्द येणार, आणि त्या शब्दानंतर पोर कुणाची, हे तिला चांगलं माहीत होतं. त्यांनीच शिकवलं होतं.

तिने दात घट्ट मिटले.

त्या थांबल्या होत्या. घाई नव्हती. पाणी वाटीत टपटपत होतं... तिच्याच हातातून. 

"नाव सांग, शमिका."

ती पलंगावर आडवी झाली, पोरीवर. तोंड पोरीच्या केसांत. आणि तिथूनच बोलली.

"तुम्ही गाडी चालवत होतात, सिस्टर. मला माहीत होतं. तरी मी फोन केला. पोरीला ताप नव्हताच. मी कुणाला सांगितलं नाही. तुमच्या पोरीला खोटं सांगितलं. हिला मी देणार नाही. मला न्या."



मग कपड्याची हलकी सळसळ झाली. कुणीतरी वाकलं. शमिकाच्या गालाजवळून एक हात गेला, साबणाचा आणि स्पिरिटचा वास असलेला. पोरीच्या कपाळाकडे गेला. तिला हलता आलं नाही.

"अबोलीला सांग," त्या म्हणाल्या. अगदी जवळून.

आणि मग, "घेतला."

चप्पल वाजली. जिना. खाली... खडाक. खडाक.

शमिकाने झटकन हात लावला. पोरीचं कपाळ गार होतं.

गार.  काय घेतलं? तिने पोरीला छातीशी ओढलं, कान लावला. आत ठोके पडत होते, एकसारखे, शांत. मानेवर घामाचे थेंब. ताप उतरला होता. स्पृहाने झोपेतच कूस बदलली आणि अंगठा तोंडात घातला.

रात्रभर शमिका तिला मांडीवर घेऊन बसली. उजाडल्यावर निखिल आला, कुमुदिनीबाई आल्या, झांक्यांच्या गप्पा घेऊन. आवरताना त्यांनीच विचारलं, वाटी आहे, पट्टी कुठे गेली? पलंग झटकला, खाली पाहिलं, उशीचे अभ्रे उलटले. दुपट्याचा तुकडा काही सापडला नाही. शमिका म्हणाली, मी जरा मल्हारगंजला जाऊन येते.

तिथे काय झालं ते तिने मला स्वतः सांगितलं, तेवढंच सांगतो. दारात अबोली होती. तिने आईसारखंच नर्सिंगला नाव घातलं होतं, वर्गाला निघाली होती. शमिकाने बसायच्या आधी सांगितलं. फोन माझा होता. सगळं सांगितलं, दाढेपर्यंत. रात्रीचं सोडून. पोरीच्या आईचं भूत करून तिच्यासमोर ठेवायचं शमिकाच्या जिवावर आलं.

अबोली ना रडली ना ओरडली. ऐकून झाल्यावर म्हणाली, "वर्षभर मला वाटत होतं, आई माझ्याशी बोलत होती. त्या संध्याकाळी मी तिला फोन लावत होते. लागला की नाही, तेच आठवत नव्हतं." एवढं बोलून ती आत गेली. शमिकाला वाटलं, आता दार लावून घेईल. अशा वेळी पाय धरावेत की निघून जावं, हेही तिला कळेना.

अबोली एक पिशवी घेऊन बाहेर आली. पोलिसांनी दिलेली, प्लॅस्टिकची, आत हेल्मेट. आणली त्या दिवशी पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवलेली, पेटीला कुलूप, किल्ली तिच्या गळ्यात. पुन्हा कुणी उघडली नव्हती. "हे तुम्ही ठेवा," ती म्हणाली. "आमच्याच्याने बघवत नाही. तुम्ही बघायला हवं."

शमिकाने मान डोलावली. तिने घेतलं असतं आणि तशीच निघाली असती. पण अबोली म्हणाली, बघून घ्या. गाठ पोलिसांनी बांधलेली, वर्षाची मुरलेली, नखाने सुटेना. शेवटी अबोलीने दातांनी सोडवली.

हेल्मेटची काच तडकलेली, त्यावर धूळ. शमिकाने आत हात घातला. कानाजवळच्या गादीत, जिथे फोन खुपसतात, बोटांना काहीतरी लागलं. तिने ते बाहेर ओढलं.

दुपट्याचा तुकडा. कडेला लाल दोऱ्याची टीप.

पिळला तर त्यातून मिठाचं पाणी गळलं. आणि तो तुकडा गरम होता... तापलेल्या पोराच्या कपाळावरून आत्ता उचलल्यासारखा.